करपाल, बाजू बदला

मी आणि माझी बायको सुलोचना, आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असेल, तर माझ्या आईला कुशीवर वळवलं. रोजचंच काम. आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. मी खांद्याकडे, सुलू कमरेकडे. ती म्हणायची, "एक, दोन," आणि दोनलाच वळवून मोकळी. मी आपला तीनची वाट बघत. म्हणजे आईचे पाय भिंतीकडे आणि तोंड छताकडे.

"अहो, हात आहेत का खुंट्या?"

"तीन म्हणायला जीभ झिजते काय गं तुझी?"

"तीनपर्यंत माणूस करपतो!"

माणूस एका बाजूनं पडून राहिला की करपतो, तव्यावरच्या भाकरीसारखा, असं तिचं म्हणणं. डॉक्टर त्याला बेडसोअर म्हणतात. सुलूनं इतक्या वर्षांत सासूच्या पाठीवर एक फोड येऊ दिला नाही. पण खोड लागली ती लागलीच. कुणीही आडवं दिसलं की हिचे हात शिवशिवायचे. गणपतीला आलेला माझा भाऊ मोदक खाऊन लवंडला, तो भिंतीकडे तोंड करून जागा झाला. जावईबापू सोफ्यावर पेंगले, त्यांनाही सोडलं नाही. "करपाल, बाजू बदला." तेव्हापासून ते आमच्याकडे बसूनच झोपतात. मला तर रोज रात्री वळवायची, स्वतः अर्धवट झोपेत. सांगूनही ऐकायची नाही. मी ओरडलो की म्हणायची, "मी कधी वळवलं? स्वप्न बघता."

मी सातवी नापास, भांडुपच्या कारखान्यात फिटर होतो. शोभेचं लिहिता येत नाही. झालं तसं सांगतो.

शिबिराचं खूळ आमच्या मुलीचं, वैशालीचं. बोरिवलीला डोंगराच्या अंगाला एक आश्रम आहे. घरातल्या आजारी माणसांची सेवा करणाऱ्यांसाठी तिथे शनिवार-रविवार शिबिर होतं. ध्यान, मौन, प्रवचन.

"आई, दोन दिवस जरा शांती मिळेल ना तुला."

"मला शांती नको. आजीला हवेची गादी आण."

शेवटी वैशाली मुलुंडहून येऊन आजीजवळ राहिली आणि मी सुलूला जवळजवळ ढकलतच नेलं. आजीला कसं वळवायचं ते ती दारातून सांगत होती, जिन्यातून सांगत होती, रिक्षात बसल्यावर फोनवर सांगत होती. आश्रमात फोन टोपलीत टाकायला लावले तेव्हा कुठे थांबली.

तिथे पांढऱ्या साडीतली एक दीदी होती. गोड आवाजात म्हणाली, "दोन दिवस कुणाचीही सेवा करायची नाही. डोळे मिटा आणि फक्त स्वतःकडे बघा."

सुलूनं डोळे मिटले, लगेच उघडले. "बघितलं. आता?"

जेवताना पंगतीत उठून वाढायला लागली. दीदीनं हाताला धरून बसवली. मग बसल्या बसल्या शेजारच्या बाईच्या पानातल्या भाजीतले कढीपत्ते, माशाचे काटे काढावेत तसे काढून दिले.

दुपारी शवासन. सगळे सतरंजीवर उताणे. आश्रमाचे गुरुजीही व्यासपीठावर उताणे, छातीवर माईक. "शरीर सैल सोडा... पाय जड झाले... हात जड झाले..." म्हणता म्हणता गुरुजीच जड झाले. स्पीकरमधून घोरणं यायला लागलं. मी एक डोळा उघडला. सुलूचे दोन्ही उघडे होते, व्यासपीठाकडे.

"सुलू, नाही हं!"

ती गेली. कमरेला हात घातला. "एक, दोन!"

माईक गुरुजींच्या खाली आला आणि सगळ्या हॉलभर खर्रर्र झालं. माणसं धडपडून उठली. गुरुजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कोण आहे? काय चाललंय?"

"केव्हाचे पाठीवर आहात. करपाल."

दीदीचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण हॉलमध्ये बसलेले सगळे याच धंद्यातले. मागून एक काका म्हणाले, "बाई, टाचेखाली उशी द्या त्यांच्या." दुसरी ओरडली, "पाठीला पावडर लावा हो!" कुणी म्हणालं, "डायपर बघून घ्या." मग जो काही हशा उठला! माणसं डोळे पुसत हसत होती. घरी वर्षानुवर्षं हसली नसतील. गुरुजी भला माणूस. तेही हसले, आणि कुशीवरच पडून राहिले. म्हणाले, "बरं वाटतंय खरं."

रविवारी दीदीनं एकेकाला विचारलं, "तुमची काळजी कोण घेतं?" काहीजण रडले. सुलू म्हणाली, "मला काय धाड भरलीय?"

त्या दुपारी मात्र शवासनात ती झोपली. खरी झोपली, गालाखाली हात घेऊन. सगळ्यांनी सतरंज्या गुंडाळल्या, ही तशीच. दीदी उठवायला निघाली तर गुरुजींनीच खुणेनं थांबवलं. मी शेजारी बसून राहिलो. फरशी कडक, हिचा खांदा दबलेला. मग मी खांद्याला आणि कमरेला हात लावला. "एक, दोन, तीन," म्हणालो आणि वळवली.

डोळे न उघडता म्हणाली, "तीन कशाला?" मग जरा वेळानं म्हणाली, "अहो, असं बरं वाटतं होय? मला ठाऊकच नव्हतं."

तिला कधी कुणी वळवलंच नव्हतं.

घरी आल्यावर पुन्हा तेच. आई, भाकऱ्या, "खुंट्या". दिवाळीनंतर एका सकाळी आम्ही आईला वळवलं आणि सुलू बाजारात गेली. मेथीची जुडी निवडता निवडता खाली बसली, ती उठली नाही. संध्याकाळी तिला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ज्या कुशीवर पडलो होतो त्याच कुशीवर होतो. हात बधिर झालेला.

बाहेर बायका जमल्या होत्या. आईला कुठे ठेवायचं, बाई लावायची का, बोलणं चाललं होतं. आत आई हाक मारत होती, "सुलू, सुलू." तिला तेवढंच नीट बोलता येतं.

मी आत गेलो. वैशालीला खांद्याकडे उभी केली आणि स्वतः कमरेकडे गेलो.

"एक, दोन."

वळवली. वैशाली हात धरून तशीच उभी. "बाबा, तीन?"

"तीन नसतं," मी म्हटलं. "उशी दे पाठीला."