देणाऱ्यांचे पत्ते

अप्पालाल जिल्दगराकडं बांधायला दिलेलं पुस्तक तीन महिन्यांच्या आत परत मिळालं, असं सांगणारा माणूस मला उभ्या कोल्हापुरात भेटला नाही. शिवण, खळ, पुठ्ठा, कातडी कणा हे सगळं काम तो दोन दिवसांत उरकायचा. उरलेले दिवस तो ते पुस्तक वाचत बसायचा. आणि वाचायचा तेही शेवटच्या पानापासून.

"पुढच्या पानांत लिवणारा आपली अक्कल दावतोय," तो म्हणायचा. "शेवटाला कुणी पैसं दिलं, कुणी आधार दिला, त्ये असतंय. मला त्येवढंच पायजे."

ही गोष्ट महाराजांच्या कारकिर्दीतली. माझ्यासारखी नेसरीकडच्या शेतकऱ्याची पोरं तेव्हा नुकती कुठं वसतिगृहात राहून शिकू लागली होती. मी रसायनशास्त्र शिकून कॉलेजात दुय्यम शिक्षक म्हणून लागलो होतो. पापाच्या तिकटीजवळ अप्पालालचं दुकान होतं, रुंदीला एक माणूस आडवा झोपेल एवढं. दरबारच्या कचेऱ्या, ग्रंथालय, कॉलेज, सगळ्यांची दप्तरं आणि अहवाल तिथंच बांधायला यायचे. भिंतीवर दहा-बारा तारा टांगलेल्या, आणि प्रत्येक तारेत टोचलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या. एक तार झाडापेडांची, एक दगडमातीची, एक जुन्या लिखाणाची, एक रोगराईची. एक तार ताऱ्यांचीही होती. तिच्यावर एकच चिठ्ठी होती. कोणत्या गावचा कोणता संस्थानिक, कोणती मंडळी, कोणत्या मयत व्यापाऱ्याचा फंड कशाच्या शोधाला पैसा देतो, ते त्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असे. अप्पालाल इंग्रजी स्वतःच शिकला होता, एकेक अक्षर लावून. त्यामुळं 'सायंटिफिक'ला तो 'स्कायंटिफिक' म्हणायचा, आणि कुणी सुधारायला गेलं तर त्याच्याकडं कीव आल्यासारखा बघायचा.

त्याचं काम एकच. ज्याला काही शोधायचं आहे त्याची ज्याला काही द्यायचं आहे त्याच्याशी गाठ घालून देणं. यात त्याला काही मिळत नसे. कुणी देऊ केलं तर म्हणायचा, "मागणं वायलं आणि भीक वायली. मी मागणं शिकवतोय. माझी भीक कशापायी करताय?"

आमच्या कॉलेजात एक शास्त्रीबुवा होते. जुने ताम्रपट वाचण्यात त्यांची हयात चालली होती. गावोगाव हिंडून ताम्रपटांचे ठसे घ्यायला त्यांना खर्च हवा होता आणि कुणी देत नव्हतं. अप्पालालनं त्यांचा अर्ज पाठवला एका फळबागा वाढवणाऱ्या मंडळीकडं. शास्त्रीबुवा हबकले.

"अहो, माझा बागेशी काय संबंध?"

"तुमच्या त्या पत्र्यावर राजानं आंब्याची बाग दान दिल्याली हाय का न्हाय?"

"आहे."

"मग आंबा आठशे वर्सांमागं हितं व्हता, ह्ये त्या बागवाल्यांना कोण सांगणार? तुमीच की!"

मंडळीनं खर्च मंजूर केला. एवढंच नव्हे, ठशांसोबत आंब्याच्या जुन्या जातींची नावंही कळवावीत असं लिहिलं. शास्त्रीबुवा पुढं वर्षभर ताम्रपट वाचताना आधी आंबा शोधायचे.

मात्र एकदा का त्याच्या तावडीत सापडलं की सुटका नव्हती. तो कॉलेजच्या फाटकाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या शिक्षकाला विचारायचा, "अर्ज कुठवर आला?" इतिहासाचे एक शिक्षक त्याला चुकवायला मागच्या कुंपणावरून उडी मारून जात. एके दिवशी त्यांचं धोतर काट्यात अडकलं आणि ते सोडवायला नेमका अप्पालालच धावला. धोतर सोडवता सोडवता त्यानं विचारलं, "मग, अर्ज?"

मला गुळाचं कोडं होतं. लहानपणापासून मी आमच्या घरी बघत आलो होतो. काही ढेपा पावसाळाभर खणखणीत राहत, आणि काही आषाढातच पाझरायला लागत. एकाच गुऱ्हाळातल्या, एकाच हातच्या. असं का? हे शोधायला मला अचूक तराजू, काचेची भांडी आणि गावोगावच्या गुळाचे नमुने हवे होते. कॉलेजात एक तराजू होता, पण त्यावर गुळापेक्षा धूळच जास्त अचूक मोजली जायची.

एक अहवाल बांधायला द्यायला म्हणून मी अप्पालालकडं गेलो आणि बोलता बोलता हे बोलून गेलो. तो सुई खाली ठेवून उठला, तारा चाळल्या, आणि चार चिठ्ठ्या काढून माझ्यासमोर ठेवल्या.

"चाचा, दरबारातच मागितलं तर?"

"दरबारात शंभर हात पसरल्यालं हायत, मास्तर. आपण जरा लांबचं घर बघू. जावा, अर्ज लिवून आणा."

मी चार दिवस खपून अर्ज लिहिला. इंग्रजीत जेवढी लीनता मावते तेवढी त्यात कोंबली. अप्पालालनं तो बोट ठेवून वाचला. शेवटापासून नव्हे, या वेळी सुरुवातीपासून.

"ह्यात गूळ कितव्या ओळीला आला?"

मी मोजलं. "एकविसाव्या."

"म्हंजे वीस ओळी त्या माणसानं उपाशी बसायचं?" त्यानं पहिल्या वीस ओळींवर उभी रेघ मारली. "ह्यो देणारा आंधळा न्हाय. पर त्याला दाखवाय लागतंय. चला."

"कुठं?"

"गुऱ्हाळावर. ज्याच्या कामाचा अर्ज, त्याला कळला पायजे. त्याला न्हाय कळला तर ममईच्या शेटला काय कळंल?"

पंचगंगेकाठी एक गुऱ्हाळ चालू होतं. रामाप्पा नावाचा म्हातारा गुळव्या काहिलीपाशी उभा राहून उकळता रस ढवळत होता. अप्पालालनं मला एका उलट्या टोपलीवर बसवलं आणि म्हणाला, "वाचा. मराठीत." मी वाचू लागलो. गूळ करताना आच कमी-जास्त झाल्यामुळं तो पाझरत असावा, असं माझं अनुमान होतं. रामाप्पा ढवळता ढवळता ऐकत राहिला. संपल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं.

"पावणं, राग येनार न्हाई न्हवं?"

"नाही."

"आच माझ्या हातात हाय. चाळीस वर्सं झाली. माझ्या आचेनं गूळ रडत न्हाई. रान बघा, रान. काळ्या रानातला ऊस आला तर गूळ टिकतोय. चोपनातला, खारवट मातीतला ऊस आला की मी काय बी केलं तरी रडतोय. ह्ये समद्यांस्नी म्हाईत हाय की."

समद्यांस्नी माहीत होतं; पुस्तकांत मात्र कुठंच नव्हतं. माझा सगळा शोध चुकीच्या दिशेनं निघाला होता, आणि तो एका उकळत्या काहिलीपाशी सरळ झाला. अप्पालाल मात्र खूश होऊन रामाप्पाला म्हणाला, "तुमचं नाव बी अर्जात घालतो." रामाप्पा घाबरला. "सरकारी काय न्हाई न्हवं?"

नवा अर्ज दीड पानाचा झाला. पहिल्याच ओळीत गूळ. पण त्यावर प्रिन्सिपॉलसाहेबांची शिफारस लागत होती. ते गोरे गृहस्थ होते, सज्जन होते, पक्ष्यांचे वेडे होते. पण गूळ हा बाजाराचा विषय, प्रयोगशाळेचा नव्हे, असं त्यांचं मत होतं. त्यांनी दोनदा अर्ज न वाचताच परत केला. मी अप्पालालला सांगितलं. तो "हं" म्हणाला, अर्ज ठेवून घेतला आणि दुसऱ्याच गोष्टी काढल्या.

साहेबांचं पक्ष्यांवरचं एक जुनं पुस्तक पाच महिने त्याच्याकडं बांधायला पडलं होतं. पुढच्या आठवड्यात ते घेऊन तो स्वतः बंगल्यावर गेला. हिरवं कातडं, कण्यावर सोनेरी अक्षरं. साहेब हरखून गेले.

"साहेब, शेवटचं पान बघा."

शेवटच्या पानानंतर माझा अर्ज होता. पुस्तकात शिवलेला, दोऱ्यानं पक्का.

"हे काय?"

"फाडायचं झालं तर समदं पुस्तक सुटतंय, साहेब. वाचूनच काढाय लागंल."

साहेबांनी वाचला. मग ते हसत सुटले, इतके की त्यांच्या बाईसाहेब बाहेर आल्या. सही मिळाली. पण अर्ज आता पुस्तकात होता! अप्पालालनं तिथंच ओसरीवर मांडी घालून टाके उसवले, अर्ज सोडवला आणि पुस्तक पुन्हा शिवून दिलं. साहेब तेवढा वेळ खुर्ची ओढून त्याची बोटं बघत बसले होते.

पहिल्या तीन ठिकाणांहून नकार आले. प्रत्येक नकाराला मी खचायचो आणि अप्पालाल तो कागद जपून ठेवायचा. "न्हाई म्हणायला बी त्यानं वाचलाच की. पुढच्या वर्साला आपलं नाव वळखंल." चौथ्या ठिकाणाहून होकार आला. मुंबईच्या एका व्यापारी घराण्याच्या फंडातून. तराजू, भांडी आणि दोन वर्षांचा नमुन्यांचा खर्च. (त्यातून पुढं अहवाल झाला आणि रामाप्पाचं म्हणणं खरं निघालं. पण ते इथं सांगायचं नाही.)

मी पत्र घेऊन पळतच दुकानात गेलो. वाटलं, हा माणूस नाचेल. त्यानं पत्र वाचलं, त्या फंडाची चिठ्ठी तारेवरून काढली, घडी घालून डब्यात टाकली. "बरं झालं. अहवाल कवा?" एवढंच. मग सुई उचलली. मला राग आला. लग्न लावून दिल्यावर मध्यस्थ जसा नवरा-नवरीला विसरतो, तसा हा माणूस. आपल्याला त्याचं कोडं कधी उलगडायचं नाही, असं म्हणून मी निघून आलो. महिनाभर तिकडं फिरकलोही नाही.

पेटारे आले, काचसामान मांडून झालं. एके दुपारी प्रयोगशाळेच्या दाराशी अप्पालाल. पायताण बाहेर काढून उंबऱ्यातच उभा राहिलेला. मी आत बोलावलं. तो भांड्यांना हात न लावता, हात मागं बांधून सगळं बघत फिरला. मग म्हणाला, "मास्तर, एक... न्हाय, ऱ्हाऊ द्या."

"काय, चाचा?"

"काय न्हाय. निघतो."

दारापर्यंत गेला, परत आला. दीड पानात काय मागायचं ते मला शिकवणाऱ्या या माणसाला एक वाक्य जुळवता येत नव्हतं. शेवटी त्यानं खिशातून एक रुमाल काढला आणि रुमालातून कापडाचा तुकडा. तळहाताएवढा, लाल. असा लाल की काचेच्या भांड्यांतही त्याची लाली उतरली.

"माझा धाकटा भाऊ, बाबालाल. रंगारी व्हता," तो खाली बघत म्हणाला. "ह्यो रंग त्यानं काढलेला. उन्हात ठेवा, भट्टीत घाला, उतरत न्हाई. कसा केला त्ये त्यानं वहीत लिवलं व्हतं. मला म्हणायचा, 'भाई, तू पुस्तकवाल्यांत असतोस, कुणी ह्याला पैसा देतंय काय बघ.' मी म्हणायचो, बघतो. मला तवा वाचाय येत न्हवतं, मास्तर. मी नुसता शिवायचो. मग प्लेग आला. आठ दिवसांत गेला त्यो. घरातलं समदं सामान सरकारी माणसांनी जाळलं. वही बी. मी प्लेगच्या छावणीत व्हतो. ह्ये दंडाला बांधून घेतलेलं म्हणून राहिलं."

त्यानं तो तुकडा माझ्यापुढं टेबलावर ठेवला.

"ह्यात काय काय हाय, त्ये तुमच्या ह्या भांड्यांस्नी कळंल काय?"

मी तुकड्याच्या कडेचे चार-पाच धागे तेवढे ओढून घेतले. आठवडाभर फावल्या वेळात त्यांच्यामागं लागलो. आल नावाच्या झाडाच्या मुळीचा रंग होता, हे कळलं. तुरटी होती, हेही. पण आणखी एक काहीतरी होतं, ज्यामुळं तो रंग पक्का बसला होता. ते धाग्यांत सापडेना. सापडायला आख्खा तुकडा जाळून त्याची राख तपासावी लागली असती.

तो आला तेव्हा मी ते सगळं सांगितलं. "तिसरं हवं असेल तर कापड उरणार नाही, चाचा. तुम्ही म्हणाल तसं."

अप्पालालनं कापड हातात घेतलं. बाहेर तास संपल्याची घंटा झाली, पोरं गलका करत गेली.

"नगं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या."

मग त्यानं विचारलं, "दुसरं काय म्हणालासा? आल, आणि?"

"तुरटी."

"तुरटी?" त्याचा चेहरा बदलला. "व्हय... व्हय की! आमी एका ताटात जेवायचो. त्यो भाकरी मोडून माझ्यापुढं सारायचा आणि ती तुरट लागायची. रोज. मी म्हणायचो, 'हात धुऊन बसत जा की रं, घाण्या!' लई शिव्या द्यायचो. त्यो म्हणायचा, 'धुतलेत, भाई.' मला खरं वाटायचं न्हाई."

तो खाली स्टुलावर बसला.

"धुतलेलंच असायचं, मास्तर," तो म्हणाला. "तुरटी आत मुरलेली व्हती."

पुढचा तास माझा होता. मी दाराशी जाऊन पोरांना आज तास नाही म्हणून सांगितलं आणि दार लोटून घेतलं.