सूनबाईंची तपासणी

धाकट्या सूनबाई विमान चालवायला शिकत होत्या, पण विमानापर्यंत जायला त्यांना बसच लागे. आज नऊ वाजता परीक्षा होती. पास झाल्या तर उद्यापासून एकटीने उडायची परवानगी. नाही झाल्या तर पुढची तारीख तीन महिन्यांनी.

"वेळेवर पोच म्हणजे झालं," सासूबाईंनी बजावलं. "वाटेत कुणाचं काही बघत बसू नकोस."

बजावण्याला कारण होतं. उडण्याआधी विमानाभोवती फेरी मारून एकेक भाग तपासायचा, हा पहिला धडा सूनबाईंच्या इतका अंगवळणी पडला होता, की आताशा त्या मिक्सरही चहूबाजूंनी पाहिल्याशिवाय लावत नसत.

थांब्यावर बस उभी होती. सुटायला पाच मिनिटं होती. सूनबाईंचे पाय आपसूक बसभोवती फिरले आणि मागच्या चाकाचा एक नट त्यांना सैल दिसला.

"ड्रायव्हरकाका, मागचा नट हलतोय."

"ताई, तो मी नोकरीला लागलो तेव्हापासून हलतोय. बसा तुम्ही."

"पण वहीत लिहायला नको?"

कंडक्टरने कपाळाला हात लावला. तक्रार एकदा वहीत चढली की मेकॅनिकची सही झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा नियम होता. त्यातून पहिल्याच बाकावर एक निवृत्त हेडमास्तर बसलेले. "लिहा, लिहा!" म्हणून ते अडूनच बसले. वही निघाली.

वीस मिनिटांनी मेकॅनिक आला, नट आवळला, सही ठोकली.

"बाई, आता दुसरं काही बघू नका हं," खिडकीतून एक मावशी ओरडल्या. "दातांचा डॉक्टर निघून गेला, तर हा ठणकणारा जबडा घेऊन तुमच्याच दारात बसेन!"

सूनबाई खाली मान घालून चढल्या. पण बसायला म्हणून मान वर केली, तर नेमकं समोर आग विझवायचं नळकांडं. त्यावरची मुदतीची तारीख गेल्या वर्षीची. त्यांनी ओठ घट्ट मिटले. सव्वाआठ झाले होते. एक दिवस गप्प बसलं तर काय आभाळ कोसळणार होतं?

"काका..." त्या म्हणाल्याच.

"आता काय, पंख बघायचेत?" ड्रायव्हर म्हणाला.

नवं नळकांडं येऊन बस सुटली तेव्हा साडेआठ झाले होते. वाटेत मावशी शेजारणीला मोठ्याने सांगत होत्या, "विमान शिकतेय म्हणे. नवऱ्याला रोज तपासूनच घराबाहेर सोडत असेल!"

नऊला दोन मिनिटं असताना सूनबाई धापा टाकत मैदानात शिरल्या. परीक्षक विमानात बसून घड्याळ बघत होते.

"बाहेरची तपासणी झाली?"

सकाळपासून दुसरं केलं काय होतं? "झाली, सर!" म्हणत त्या चढल्यासुद्धा.

इंजिन सुरू झालं. सूनबाईंनी जोर वाढवला. विमान थरथरलं, गुरगुरलं, पण जागचं हलेना. आणखी जोर लावला. हट्टी म्हशीसारखं ते तिथेच फुरफुरत राहिलं.

परीक्षकांनी मान वळवून मागे पाहिलं. विमान वाऱ्याने हलू नये म्हणून लावलेला शेपटीचा दोर अजून जमिनीतल्या कडीला छान गाठ मारून बांधलेला होता. त्यांनी कागदावर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिली, पेनाचं टोपण लावलं आणि मगच तोंड उघडलं.

"लावा अजून जोर. उडालोच तर मैदानासकट उडू."