फालानिकोचे तळवे

फालानिकोच्या तळव्यांचा आमच्या बेटावरच्या अख्ख्या गावाला अभिमान होता, आणि खुद्द फालानिकोला गावाच्या चौपट. मासे जाळ्याकडे हाकायच्या दिवशी धारदार प्रवाळावरून सगळ्यांच्या पुढे अनवाणी चालायचा मान तीस वर्षं त्याचाच. "प्रवाळ झिजेल, माझी टाच नाही झिजायची!" असं तो ऐटीत सांगायचा.

यंदा ऑकलंडहून त्याची मुलगी फेतू आली. तिने बापासाठी टाचा मऊ करायचं औषध भरलेले प्लास्टिकचे मोजे आणले. "बाबा, हे फक्त एक तास..." पुढचं ऐकतंय कोण! परदेशातून आलेली भेट चर्चमध्ये मिरवायची नाही तर काय पेटीत ठेवायची? रविवारी कमरेला गुंडाळलेल्या पांढऱ्या लावालावाखाली ते चकाकते मोजे चढवून स्वारी पहिल्या बाकावर बसली. त्या दिवशी प्रवचन चांगलं तीन तास रंगलं.

गुरुवारी टाचेची साल सुटली. शुक्रवारी दोन्ही तळवे सोलून निघाले.

"अगं बाई! हे तर आपल्या नातवाचे पाय!" बायको लागी म्हणाली.

"फेतू, काय केलंस हे? उद्या मासे हाकायचेत!"

"एक तास सांगितलं होतं, बाबा. तुम्ही किती वेळ घातले?"

"ते पाद्रीबाबांना विचार!"

शनिवारी किनाऱ्यावर गावातलाच पेसामिनो टपलेला होता. त्या मानावर त्याचा वर्षानुवर्षं डोळा. "काय रे, पाय दुखतात वाटतं? मी होऊ पुढे?"

"मागे राहा गप!" म्हणत फालानिकोने प्रवाळावर पाऊल टाकलं आणि त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण मान म्हणजे मान! तो ओठ घट्ट मिटून, एकेक पाऊल अलगद टेकवत निघाला. मागचं सगळं गावही मुकाट्याने त्याच चालीने.

जाळं ओढलं तर चौघांना आवरेना, इतका मासा!

पेसामिनो कपाळावर हात मारून ओरडला, "म्हणजे तीस वर्षं याच्या धपधप चालण्यानं मासा पळत होता!"

फालानिकोचा चेहरा खर्रकन उतरला. गावप्रमुखांनी एकदा जाळ्याकडे, एकदा त्याच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुढच्या वर्षीही फालानिकोच पुढे. पण पाय असेच पाहिजेत."

सोमवारी लागीने हाक मारली, "अहो, चार नारळ काढून द्या."

फालानिको चटईवर पाय पसरून तळव्यांना तेल चोळत बसला होता. "या पायांनी झाडावर चढू? वेडी का काय! हे आता माझ्या एकट्याचे नाहीत, गावाचे आहेत." आणि त्याने छाती फुगवली.

"मग चढायला गावालाच बोलवते," म्हणत लागीने लावालावा खोचला आणि स्वतःच झाडाकडे निघाली.