केरबा धनेशाचा पंख आणि मंडळाचं दार

एका जंगलात, मुलांनो, सगळेच शहाणे होते. म्हणून तिथं कुणाचंच धड चालत नव्हतं. नीट बसा आणि ऐका. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. ज्यांनी वेळेवर विचारायला हवे होते आणि विचारले नाहीत, त्यांचीच ही गोष्ट आहे.

त्या जंगलात केरबा नावाचा एक धनेश होता. धनेश म्हणजे भल्यामोठ्या चोचीचा पक्षी. चोच मोठी म्हणजे आत अक्कलही तेवढीच, अशी केरबाची समजूत होती. त्याची बायको तानू.

धनेशांच्या घरात एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून चिखलानं दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. आत तिची पिसं झडतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. नवऱ्यानं रानभर हिंडून उंबरं आणायची आणि फटीतून भरवायची. त्यानं आणली तर ती जगते. नाही आणली तर नाही. ही रीत कुणी पाडली ते मला ठाऊक नाही. ढोलीत बसणारीनं पाडलेली नाही, एवढं सांगते.

आत शिरायच्या आधी तानू म्हणाली, "अहो, तुमचा पंख मोडला तर मी काय खाऊ?"

केरबा चिडला. शुभकार्याच्या वेळी असलं अभद्र बोलतात का, म्हणाला.

"मी बोलले नाही तर मोडायचा नाही का?"

जंगलात तेव्हा नवीनच अखिल अरण्य अपंगत्व विमा मंडळ निघालं होतं. दर पंधरवड्याला मंडळाला फळं पोचवायची. पंख, पाय, शेपूट निकामी झालं तर मंडळ तुम्हाला घरपोच फळं देणार. तानूचं म्हणणं, तो कागद घेऊन या, मला वाचू द्या, मग घ्यायचा की नाही ते ठरवू. केरबाचं म्हणणं, आमच्या सात पिढ्यांत कुणी विमा घेतला नाही. सात पिढ्यांत किती बायका ढोलीत उपाशी मेल्या, असं तानूनं विचारलं. ते कुणी मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा फांदीवर बसून पिसं साफ करत होता. उजव्या हाताला करवंदीच्या जाळीवर एक भारद्वाज येऊन बसला. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे त्या जंगलात कालच्या पिल्लालाही ठाऊक होतं. मंडळालाही ठाऊक होतं. मंडळाचे झाडून सगळे एजंट भारद्वाज होते.

भारद्वाजानं विम्याच्या कराराचं पान पुढं केलं. "केरबाभाऊ, वाचत बसाल तर शुभ वेळ टळेल," म्हणाला.

केरबानं पायाचा ठसा उठवला. कालपर्यंत ज्याला मोडलेल्या पंखाचा शब्द चालत नव्हता, त्यानं मोडलेल्या पंखाचा करार न वाचता केला. इतका शुभ पक्षी अशुभ कशाला लिहील, असा त्याचा हिशेब. बायकोची शंका त्याला अपशकुन वाटली आणि परक्याची घाई मुहूर्त वाटली. हसू नका. तुमच्या घरीही असा एक बसलेला असेल.

तो करार सागाच्या पानावर लिहिलेला होता. केरबानं त्याच पानात गुंडाळून तानूला दार लिंपायला चिखल आणून दिला. तानूनं दार लिंपलं, पान पुसलं आणि फटीतल्या उजेडात वाचायला घेतलं. ती कुठल्या शाळेत गेली नव्हती, म्हणून तिनं सगळं वाचलं. शिकलेले मथळा वाचतात आणि सही करतात. अकराव्या ओळीत लिहिलं होतं की पक्ष्याला जगातलं कुठलंही एक काम करता येत असेल, तोवर तो अपंग धरला जाणार नाही.

तानूनं ही ओळ फटीतून केरबाला ऐकवली. केरबा म्हणाला की भारद्वाज उजवीकडून आला होता. तानूनं उंबर गिळलं. दार लिंपून वाळलं होतं.

पुढं दोन पिल्लं झाली. आणि एका दुपारी वाळकी फांदी कोसळली आणि केरबाचा उजवा पंख मोडला.

केरबा पंख ओढत, चालत चालत मंडळाच्या कचेरीत गेला. मंडळाचे वैद्य म्हणजे एक वटवाघूळ. ते उलटं लटकून तपासायचं.

"पंख मोडलाय खरा," वटवाघूळ म्हणालं. "पण चोच आहे, पाय आहेत, आवाज तर खणखणीत आहे. तुम्हाला पहारेकऱ्याचं काम सहज जमेल."

"वैद्यबुवा, उंबरं झाडाच्या शेंड्याला लागतात. माझी बायको ढोलीत आहे."

"बायकोचं तपासायला मला सांगितलेलं नाही."

आणि त्यानं लिहून दिलं: अपंगत्व नाही. केरबा म्हणाला, मग पहारेकऱ्याचं काम तरी द्या. मंडळानं समजावलं की तुम्हाला काम जमेल एवढंच आम्ही म्हटलंय, आमच्याकडे काम आहे असं म्हटलेलं नाही.

केरबा घराच्या झाडाखाली येऊन बसला. वर पिल्लं भुकेनं ओरडत होती. शेजारच्या झाडावरच्या शेकरूबाईंनी फटीतून चार फळं आत टाकली. घरात त्यांची स्वतःची तीन पोरं. चार दिवस निभावते, त्यापुढं माझ्यानं होणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी कुणाचा ठसा घेतला नाही. म्हणून त्यांचं नाव कुठल्या फलकावर नाही.

केरबा रडायला लागला. वरून तानूचा आवाज आला.

"रडणं पुरे. पहारा जमेल असं लिहून दिलंय ना तुम्हाला?"

"हो."

"मग करा पहारा. मंडळाच्या दारात बसा, उजव्या हाताला. पंख झाकू नका. येईल त्याला राम राम म्हणा."

केरबा दुसऱ्या दिवशी पहाटेच जाऊन बसला. पहिलं रानडुकराचं जोडपं आलं, विमा घ्यायला. सकाळी सकाळी समोर लोंबता पंख आणि वर राम राम. दोघं आल्या पावली परत फिरली. मग ससे आले आणि गेले. मग साळिंदर आलं, त्यानं लांबूनच मान वळवली. मंडळानं तीन भारद्वाज आणून केरबाच्या शेजारी ओळीनं बसवले. लोकांनी विचार केला. शुभ तीन, अशुभ एक, पण अशुभ आकारानं मोठं. सगळे घरी गेले.

मंडळानं केरबाला उठायला सांगितलं. केरबा म्हणाला, तुमच्या वैद्यांनी सांगितलेलं कामच करतोय.

चौथ्या दिवशी शेकरूबाईंची फळं संपली. त्याच दिवशी मंडळाचा धीरही संपला. पण केरबाला अपंग कसं म्हणायचं? एकाला म्हटलं की उद्या खरे अपंग रांगेत उभे राहणार. म्हणून त्यांनी ठराव केला की दारासमोरची जागा मोकळी ठेवल्याबद्दल केरबाच्या ढोलीत रोज टोपलीभर उंबरं पोचवावीत. ठराव तानूनं फटीतून मागून घेतला, शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी बदलून घेतला. पहिली टोपली आत आल्यावर तिनं केरबाला दारातून उठायचा निरोप धाडला. टोपल्या भारद्वाजच वाहत होते.

पिल्लं मोठी झाली. तानूला पिसं आली, तिनं दार फोडलं. केरबाचा पंख काही बरा झाला नाही. तानू त्याला भरवते. मंडळाच्या वार्षिक अहवालात छापून आलं की यंदाही जंगलात एकही अपंग नाही.

आणि केरबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, पाहिलंत, भारद्वाज उजवीकडून आला होता, म्हणून सगळं निभावलं. तानू तेव्हा त्याला भरवत असते. तिच्या चोचीत त्याचं उंबर असतं.

तात्पर्य: मुलांनो, अपंगत्वाचा विमा अवश्य घ्यावा. पंख मोडल्यावर कुणाच्या दारात जाऊन बसायचं, तो पत्ता तरी आधीपासून जवळ असतो.