सरकारांचा विमानप्रवास

माझे हात अतिशय स्थिर आहेत, हे आधीच सांगून टाकतो. बावीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतोय आणि आजवर माझ्या हातून एक काच तडकलेली नाही! त्यामुळे बायकोने जेव्हा विचारलं, "विमानातून एक पाल आणायची आहे, जमेल तुम्हाला?" तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "पाल? अगं, मगर सांग!"

आता ही काही भिंतीवरची साधी पाल नव्हती. माझे सासरे शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक परदेशी पाल पाळली. वीतभर लांब, पिवळीधमक, अंगावर काळे ठिपके. ठिपक्यांमुळे तिला बिबट्या पाल म्हणतात. पण हा निघाला नर, आणि घर आपल्या तालावर नाचवायचा! म्हणून सासऱ्यांनी नाव ठेवलं 'सरकार'. सासूबाई तर त्याला चक्क अहोजाहो करायच्या.

चार महिन्यांपूर्वी सासरे गेले. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि सरकार मागे राहिले, शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. आल्यापासून सासूबाईंचं बोलणं तीन गोष्टींवर येऊन थांबलं होतं. 'हो', 'नको' आणि 'राहू दे'. आई, जेवता ना? नको. फिरायला येता? राहू दे. एके दुपारी मात्र समोरचं ताट तसंच ठेवून त्या म्हणाल्या, "सरकार नीट जेवत असतील ना हो?"

बायको आत जाऊन रडली. मी तिकीट काढलं.

विमान कंपनीची लेखी परवानगी, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, भोकं पाडलेला डबा, सगळं चोख! सासूबाईंच्या गावाहून परत निघताना डॉक्टरीणबाईंनी आणखी एक छोटी डबी हातात दिली. "यात सहा रातकिडे आहेत. वाटेत उशीर झाला तर त्याला खायला. झाकण घट्ट लावा हं!"

"डॉक्टर, बावीस वर्षं मी..."

"एकही काच नाही. चारदा सांगितलंत मघापासून."

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सामानात काही विशेष?"

मी ऐटीत म्हणालो, "बिबट्या आहे."

"काय आहे?"

"बिबट्या. लहान आहे. या पिशवीत आहे."

मागचे गृहस्थ ट्रॉलीसकट चार पावलं मागे सरले. मुलीने फोन उचलला. "सर, एक काका बिबट्या घेऊन आलेत... नाही सर, बोलतायत व्यवस्थित... हो सर, कपडेही नीट आहेत."

दोन मिनिटांत चार रक्षक धावत आले. एकाच्या हातात जाळं! मी थरथरत्या हातांनी डब्याचं झाकण उघडलं. चौघांनी आत वाकून पाहिलं. सरकारांनी जीभ काढून स्वतःचा डोळा चाटला. जाळंवाल्याने जाळं हळूच पाठीमागे लपवलं.

कागद वाचून ती मुलगी म्हणाली, "अहो काका, पाल म्हणायचं ना सरळ!"

"पाल आहे हो, पाल!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो. आणि काय सांगू! बिबट्याला न घाबरता जागेवर उभी असलेली अर्धी रांग 'पाल' ऐकल्याबरोबर पसार झाली! त्या मुलीने मात्र हसत हसत मला खिडकीजवळची जागा दिली. देव तिचं भलं करो.

पुढे तपासणी. तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या, "पिशवी आणि डबा मशिनमधून जातील. प्राणी हातात घ्या."

घेतला! माझे स्थिर हात! सरकारांना तळव्यात धरून मी त्या चौकटीतून पाऊल टाकलं आणि कमरेच्या पट्ट्यामुळे कर्णकर्कश बीप वाजला. मी दचकलो, मूठ आवळली गेली, आणि टप्पकन काहीतरी ट्रेमध्ये पडलं.

शेपूट!

आणि नुसती पडली नाही, ट्रेमध्ये एकटीच नाचू लागली. त्या धांदलीत माझी पिशवीही मशिनच्या सरकत्या पट्ट्यावरून खाली कोसळली.

"अगबाई, दोन आहेत का?" बाई किंचाळल्या.

सासऱ्यांची शेवटची आठवण, आणि मी तिचे दोन तुकडे केले! मी मटकन खुर्चीत बसलो. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. "अहो, पालीला शेपूट परत येते. रडू नका."

"मी रडत नाहीये."

"बरं. नाक पुसा."

त्यांनी सरकारांना स्वतःच्या हाताने अलगद डब्यात ठेवलं. शेपूट कागदी रुमालात गुंडाळून माझ्या खिशात घातली. "घ्या. तुमचीच वस्तू."

विमानात बसलो. दार लागलं. शेजारी एक आजीबाई विणत बसल्या होत्या. मी डबा मांडीवर घेऊन डोळे मिटले, तेवढ्यात...

किर्रर्र!

मी डोळे उघडले. किर्रर्र! पायाजवळच्या पिशवीतली डबी चाचपली. झाकण अर्धं उघडं! आत मोजले, पाच.

"हा आवाज कसला?" पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारलं. "पंखातून येतोय," दुसरा म्हणाला. "माझा मेव्हणा विमानतळावरच असतो," तिसरा म्हणाला, "असा आवाज आला की समजायचं, इंजिन गेलं!" हवाई सुंदरीने कान टवकारले आणि ती आत गेली. मग पायलट बाहेर आला. मग दार पुन्हा उघडून टोपीवाला, मिशाळ इंजिनिअर आत आला. त्याने टॉर्च लावला, रांगत रांगत आमच्या खुर्च्यांखाली शिरला, भिंतीला कान लावला आणि गंभीरपणे म्हणाला, "बेअरिंग वाटतंय. विमान बदलावं लागेल. तीन तास."

विमानभर हाय हाय झाली. माझी पाचावर धारण बसली. गप्प बसावं, कोणाला कळणार होतं? पण मांडीवरच्या डब्यात शेपूट गमावलेले सरकार थंडीने आक्रसून बसले होते आणि घरी सासूबाई दाराकडे बघत असणार. मी उभा राहिलो.

"तो आवाज... सरकारांच्या जेवणाचा आहे."

सगळं विमान माझ्याकडे पाहू लागलं. मी सगळं सांगितलं. सासरे, सासूबाई, नको, राहू दे, रातकिडा, शेपूट. खिशातला रुमाल उघडून पुरावाही दाखवला. आता मला उतरवणार, याची खात्री होती.

पायलटने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "बघताय काय? शोधा!"

आणि काय सांगू मंडळी, सगळे खाली वाकले! मेव्हणेवाले गृहस्थ सुटाबुटात गुडघ्यांवर! आजीबाई विणायची सुई फटीत घालून, "बाहेर ये रे बाळा," म्हणत होत्या. आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून, आणि इंजिनिअर जाईल तिकडे त्याच्यामागून! शेवटी हवाई सुंदरी म्हणाली, "सर, तुमची टोपी."

इंजिनिअरने टोपी काढली. आत पाहिलं. आणि ती माझ्यापुढे धरली. "हे घ्या तुमचं बेअरिंग!"

पायलटने आत जाऊन घोषणा केली, "तांत्रिक बिघाड दूर झाला आहे. बिघाडाला सहा पाय होते." टाळ्यांचा कडकडाट! एकानेही मला वाकडा शब्द ऐकवला नाही. आजीबाईंनी तर अंगावरची शाल काढून डब्याभोवती गुंडाळली. "त्याला गरज जास्त," म्हणाल्या. मी सगळ्या रांगांना हात जोडत राहिलो, पट्टा बांधायला सांगेपर्यंत.

घरी पोचलो. सासूबाईंच्या हातात डबा दिला, रुमाल दिला आणि मान खाली घातली. "आई, माझ्या हातून..."

त्यांनी झाकण उघडलं. शेपटीचा उरलेला बुंधा पाहिला. रुमाल उलगडून आतली शेपूट पाहिली. आणि मग खुदकन हसल्या!

"पुन्हा? अहो, ही तिसरी! पहिली ह्यांनी दारात चेंगरली. दुसरी पण ह्यांनीच! आणि मला महिनाभर सांगत होते, 'सरकार शेपटीवर बसलेत, म्हणून दिसत नाही!'" हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मग त्या बोलायला लागल्या. सासरे बाजारभर रातकिडे कसे शोधायचे, सरकारांना वर्तमानपत्र कसं वाचून दाखवायचे... अर्धा तास झाला तरी थांबेनात. बायकोने ताट आणून ठेवलं, तर बोलता बोलता जेवल्यासुद्धा! मी मनातल्या मनात त्या विमानातल्या एकेकाचे पाय धरले.

मग सासूबाई अतिशय मायेने म्हणाल्या, "फार दमलात ना? किती सोसलंत हो एवढ्या प्रवासात!"

मी लगेच सरसावून बसलो. म्हटलं, "छे हो आई, त्यात काय एवढं! कर्तव्यच आहे माझं."

सासूबाईंनी डब्यातून डोकं वर काढलं.

"तुम्हाला नाही हो विचारलं."