अकरा नंबरचा फलाट

जनार्दन साळवीला रजा मिळाली नाही, म्हणून लेकीला भेटायला विद्या एकटीच जपानला गेली. आकांक्षा तिथल्या एका आडगावच्या कॉलेजात शिकत होती आणि मायलेकींची दोन वर्षांत गाठ नव्हती. बुलेट ट्रेनने मिनोहारा स्टेशनला उतरायचं, तिथून लोकल धरून लेकीच्या गावी जायचं, एवढंच काम. पण जनार्दनने त्या स्टेशनाचा आठवडाभर अभ्यास केला होता. तेवीस वर्षं मस्कतच्या अझैब्यातलं गोदाम सांभाळणाऱ्या या माणसाला, ओमानात रेल्वेच नसल्याने, रूळ बघायचे तर रजेवर कोकणात संगमेश्वर गाठावं लागे. त्यामुळे हौस दांडगी.

सकाळी दहाला विद्याचा फोन आला. तिकडे दुपारचे तीन झाले होते. जनार्दनने टेबलावर वेळापत्रक पसरलं. तीनच्या तासापुढे अकराचा आकडा होता. तो मिनिटांचा होता, पण जनार्दनला तो फलाटाचा वाटला.

"अकरा नंबरला जा," त्याने फर्मावलं.

विद्या त्याच फलाटावरून जिना उतरून आली होती. लोकलची पाटी समोरच्या तिकीट तपासायच्या फाटकापलीकडे दिसतेय, असं तिने सांगून पाहिलं. त्याने ऐकलं नाही. बिचारी बॅग ओढत पुन्हा वर चढली. फाटक ओलांडलंच नाही, म्हणून कुणी अडवलंही नाही.

"अहो, ही लोकल वाटत नाही. हिचं नाक फारच लांब आहे."

"जपानची लोकल आहे. नाक असणारच. बस तू."

ती बसली. गाडी सुटली आणि बाहेरची शेतं नुसती हिरवी रेघ झाली. पुढचं स्टेशन अर्ध्या तासावर होतं.

जनार्दनला घाम फुटला, पण डोकं चालूच होतं. त्याने आकांक्षाला लोकलने मिनोहाऱ्याला येऊन, तिथून आईच्या मागोमाग बुलेट ट्रेनने जायला सांगितलं. मग विद्याला फोन करून, पुढच्या स्टेशनवर उतरून लगेच उलट फिरायला सांगितलं. दोघींनी अक्षरशः तसंच केलं. वाटेत दोन गाड्या एकमेकींना घासून गेल्या. एकीत आई होती, दुसरीत लेक.

गोदामाच्या दारात सोहार शहराला माल नेणारा ट्रकड्रायव्हर ओमप्रकाश सहीसाठी कागद घेऊन तासभर उभा होता. आत गाड्या, मिनिटं, फलाट यांचा आरडाओरडा चालला होता.

शेवटी आकांक्षाचा फोन आला. मस्कतच्या शाळेत वाढलेल्या तिच्या मराठीला रागात शब्द सापडत नव्हते.

"बाबा, प्लीज. आता तुम्ही कोणालाच गाइड नका करू. मी आईला सांगितलंय, आहेस तिथेच बस, आणि बाबांचा कॉल घेऊ नको."

पुढचा पाऊण तास जनार्दन पंख्याकडे बघत बसला. मग फोटो आला. मिनोहाऱ्याच्या बाकावर मायलेकी डबा खात होत्या. विद्या कित्येक वर्षांत एवढी हसलेली त्याने पाहिली नव्हती. त्याने डोळे पुसले.

तेवढ्यात मालकाचं, म्हणजे अर्बाबचं, बोलावणं आलं. कामाच्या वेळी दोन तास फोन; नोकरी गेली, असं समजूनच तो केबिनमध्ये शिरला. अर्बाब मात्र खूश होता. काचेमागून त्याने सगळं पाहिलं होतं, पण 'जपान' आणि 'ट्रेन' सोडून कळलं काहीच नव्हतं. इथे बसून जपानच्या गाड्या हलवणारा माणूस गोदामात कुजतोय, हे त्याला पटेना. उद्यापासून आपले सगळे ट्रक जनार्दनने फोनवरून चालवायचे, असा हुकूम निघाला.

बातमी बाहेर पोचायला वेळ लागला नाही. ओमप्रकाशने कागदावर सही घेतली आणि अदबीने हात जोडले.

"साबजी, आप फोन की तकलीफ़ मत करना. सोहार का रास्ता हमको आता है."