दत्तूअण्णा आणि टाकलेले संकल्प

दत्तूअण्णांनी नव्या वर्षाचा स्वतःचा असा संकल्प कधीच केला नाही. दुसऱ्यांनी टाकलेले संकल्प ते घरी घेऊन जात.

म्हातारी काहीतरीच सांगतेय असं वाटत असेल, तर आमच्या जुन्या कॉलनीत कुणालाही विचारा. बंगळुरात के. आर. पुरमच्या पलीकडे एका सरकारी कारखान्याची ती कॉलनी. माझे यजमान आणि दत्तूअण्णा तिथे एकाच खात्यात. आम्ही संसारी, म्हणून आम्हाला दोन खोल्या. ते एकटे, म्हणून त्यांना आमच्याच जिन्याखालची एक. जानेवारीचे पहिले दिवस ते गप्प असत. संक्रांतीला मात्र डबी घेऊन घरोघर निघत आणि तिळगूळ हातावर ठेवता ठेवता हळूच विचारत, "काय, सुटलं?"

सुटलेलंच असे. मग ताटात टाकलेल्या पोळीबद्दल बोलावं तसं म्हणत, "अर्धं टाकू नये. बाकीचं मी बघतो. सरी, चालेल?"

आमच्या यजमानांची थंड पाण्याची आंघोळ अशीच त्यांच्याकडे गेली. वर्षभर जिन्याखालून हुडहुडत म्हटलेलं स्तोत्र ऐकू यायचं आणि यजमान कारखान्यात सांगायचे, आमच्याकडे बाराही महिने थंड पाणी. शेजारच्या बापटांची पेटी गेली. डिसेंबरअखेर दत्तूअण्णा ती पुसून परत द्यायला आले आणि म्हणाले, "तुमचं वर्ष झालं बरं का." बापट स्वतः सा-रेच्या पुढे कधी गेले नव्हते, पण छाती त्यांची फुगली.

आता माझं ऐका. तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. मिरजेहून आलेली, नवी शिफॉनची साडी, आणि आपल्याकडे सगळ्यांनी बघावं ही हौस. एकतीस डिसेंबरला कॉलनीच्या क्लबात भलामोठा केक येई. बंगळुरात त्या रात्री केकशिवाय वर्ष बदलतच नाही. कापण्याआधी प्रत्येकाने उठून आपला संकल्प सांगायचा. कुणी साखर सोडली, कुणी सिगारेट. मला काहीतरी उदात्त हवं होतं. उभी राहिले आणि मान कलती करून म्हणाले, "यंदा मी सासूबाईंना उलट उत्तर देणार नाही."

काय टाळ्या पडल्या. सासूबाई पहिल्याच रांगेत होत्या. घरी येताना एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आजवर देत होतीस, हे सगळ्या गावाला सांगून आलीस."

मी तिथेच उत्तर दिलं. वर्ष लागायला अजून अवकाश होता, तेव्हा ते धरायचं नाही, असा माझा हिशेब. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उपम्याला चिकट म्हणाल्या आणि संकल्प चहाच्या आधीच संपला.

संक्रांतीला दत्तूअण्णा आले. मी ऐटीत सांगितलं, "सुटलं. पण हे काही तुम्हाला नेता यायचं नाही. सासू कुठून आणाल?"

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "तुमच्या आहेत की, वहिनी."

दुसऱ्या दिवसापासून कारखाना सुटला की ते आमच्याकडे. सासूबाईंच्या खाटेशेजारी स्टुलावर बसायचे आणि बोलणी खायचे. सासूबाईंची कॉलनीत फार कोंडी झालेली. कानडी येत नव्हतं, आणि मराठीतून मी त्यांना एक वाक्य पुरं करू देत नव्हते. त्यांना तर मोकळं रानच मिळालं. दत्तू, कॉलर बघ जरा. दत्तू, चहा पितोयस की पंप चालवतोयस. असा पाय घासत चाललास तर कोण मुलगी देईल तुला. दत्तूअण्णा मान खाली घालून म्हणायचे, "बरोबर आहे, काकू." मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मनात म्हणायची, बावळट आहे माणूस.

वर्ष संपलं. "तुमचं झालं, वहिनी," असं त्यांनी रीतसर कळवलं. आणि एक जानेवारीला संध्याकाळी पुन्हा स्टुलावर. मी म्हटलं, "अहो अण्णा, वर्ष संपलं ना?"

"स्वल्प राहिलंय," ते म्हणाले.

ते स्वल्प पुढे कित्येक वर्षं संपलं नाही. मग सासूबाईच गेल्या.

दिवसकार्य आटोपून पाहुणे परतले, त्या संध्याकाळी दत्तूअण्णा आले. खाट काढून ठेवली होती. ते स्टुलावर बसले, समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत. मी चहा दिला. तो त्यांनी हातातच धरला.

"मी मामाकडे वाढलो, वहिनी," ते म्हणाले. "मामी फार चांगली. परक्याच्या पोराला बोलू नये, म्हणून मला कधी एका शब्दाने बोलली नाही."

मग कप तसाच खाली ठेवून ते उठले. आता रोज यायला काही कारण नाही, मधूनमधून डोकावेन, म्हणाले. डोकावणाऱ्यातले ते नव्हते. ते जिन्याखाली जातील आणि संक्रांतीपर्यंत दिसणार नाहीत, हे मला कळत होतं. काहीतरी मायेचं बोलायला हवं होतं. आजन्म तोंड चालवलेलं, पण तेवढं एक मला सुचेना.

"बसा खाली," मी म्हटलं. "चहा तसाच टाकून निघालात? आणि शर्टाचं बटण कुठाय? एवढे बाप्ये झालात, सुईत दोरा ओवता येत नाही?"

ते बसले. गार झालेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग मान खाली घालून म्हणाले, "बरोबर आहे, वहिनी."

आता आम्ही सगळेच म्हातारे. कॉलनी सुटली, तरी दत्तूअण्णांनी आमच्याच गल्लीत खोली घेतली. संध्याकाळी काठी टेकत येतात. माझा मुलगा कुरकुरतो, आई, त्या बिचाऱ्यांना इतकं काय टाकून बोलतेस.

त्याला काय सांगणार? अडचण माझी आहे. इतक्या जणांचे संकल्प पुरे करता करता या माणसात नाव ठेवायला जागाच उरलेली नाही. लवकर उठतो, गोड खात नाही, पेटीही बरी वाजवतो. दुपारी जरा आडवी होते तेव्हा मी हाच विचार करत पडते, की आज आल्यावर याला बोलायचं तरी कशावरून.